अमानत आणि इलाज

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपल्या घरांतून नेहमी म्हटले जाते. अकिक्याच्या दिवशी म्हटले जाते, मुलगी सासरी निघताना म्हटले जाते, आणि एखादे मूल दगावले तर आई-बापांच्या खांद्यावर हात ठेवून हेच सांगितले जाते की, ज्याची होती त्याने परत नेली. हा शब्द इतका सवयीचा झाला आहे की, त्याचा नेमका अर्थ काय आणि तो आपल्यावर कोणते बंधन घालतो याचा विचार सहसा होत नाही. आमच्यावर हा विचार करण्याची वेळ आमच्या मुलाच्या तापाने आणली.

अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्यापाशी ठेवलेली वस्तू. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रात, अमानत सांभाळणाऱ्याची जबाबदारी मोठ्या बारकाईने मांडलेली आहे. त्याच्या ताब्यातली वस्तू नष्ट झाली, तर एरवी तो भरपाईला बांधील नसतो. दोन प्रसंगी मात्र तो बांधील ठरतो. सांभाळण्यात त्याने हयगय केली असेल तर. याला तक्सीर म्हणतात. किंवा आपल्याला नसलेला अधिकार त्या वस्तूवर गाजवून त्याने मर्यादा ओलांडली असेल तर. याला तअद्दी म्हणतात. शेजाऱ्याने सांभाळायला दिलेला घोडा तबेल्याचे दार उघडे राहिल्याने चोरीस गेला, ही तक्सीर. त्याच घोड्यावर बसून आपण स्वतःच्या कामाला गेलो आणि घोडा दरीत पडला, ही तअद्दी. या दोन्ही गोष्टी टाळूनही घोडा मेला, तर त्या माणसाला कोणी दोषी धरत नाही.

हा नियम ठेवी आणि व्यवहारांसाठी घडलेला आहे. पण मुलाला आपण अमानत म्हणतो, तर तो मुलाच्या बाबतीतही लावून पाहायला हवा. मूल निरोगी असताना त्याची कसोटी लागत नाही. एकदाच मोठा आजार आला, तरीही फारशी लागत नाही; तेव्हा काय करायचे ते डॉक्टर ठरवतात आणि आपण धावतो. कसोटी लागते ती महिन्या-महिन्याने परत येणाऱ्या तापात. असा ताप जीव घेत नाही आणि पाठही सोडत नाही. दर खेपेला आई-बापांना नव्याने ठरवावे लागते की, किती करायचे आणि कुठे थांबायचे.

आम्ही राहतो तो आंदर मावळ हा मावळ तालुक्याच्या तीन मावळांपैकी एक. पवन मावळ आणि नाणे मावळ हे दुसरे दोन. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कान्हे फाट्याला वळले की टाकवे बुद्रुक लागते. तिथून पुढे वहानगाव, खांडी, सावळे अशी गावे सह्याद्रीच्या कड्याकडे, कुसूर घाटाच्या दिशेने गेलेली आहेत. मधे ठोकरवाडीचे धरण आहे. त्याच्या पाण्यावर १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीला वीज तयार होते आणि मुंबईकडे जाते. त्याच पाण्याच्या काठाने रात्री तापाने फणफणलेले मूल घेऊन निघालेल्या बापाला मात्र आधी वाहन शोधावे लागते. आषाढ-श्रावणात भातखाचरे तुडुंब असतात, डोंगरावरून पाण्याचे लोट येतात, आणि घरटी एक तरी माणूस आजारी असतो. ताप आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. 'पाणी बदलले', 'भिजला', 'दाढ येते आहे' एवढ्यावर तो घरातच निभावून नेला जातो.

आमच्या मुलाला पहिला असा ताप आला तेव्हा तो सव्वातीन वर्षांचा होता. संध्याकाळी खेळता खेळता गप्प झाला आणि तासाभरात अंग तापले. १०३, कधी १०४. घसा लाल, तोंडात एक-दोन बारीक फोड, मानेला सुजलेल्या गाठी. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप आपोआप उतरला आणि पोरगे जणू काही घडलेच नाही असे अंगणात पळू लागले. महिनाभराने पुन्हा तेच. पुन्हा महिनाभराने तेच. दर खेपेला घसा बघितला गेला, अँटिबायोटिक लिहून मिळाले, चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि औषध लागू पडले असे सगळ्यांनी मानले. ताप तर औषधाविनाही चौथ्याच दिवशी उतरत असावा, ही शंका यायला बराच काळ जावा लागला.

ही शंका प्रथम आली ती आमच्या अम्मींना, म्हणजे मुलाच्या दादीला. त्यांना लिहिता येत नाही. इंग्रजी महिना त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांचे सगळे हिशेब चाँदावर चालतात. एके दिवशी त्या म्हणाल्या, "चाँद दिख्या की बच्चे को बुखार आता." घरात यावरून बरेच बोलणे झाले. कोणी म्हणाले, याला वाऱ्याचे काहीतरी आहे. शेजारच्या मावशींनी मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. एका नातेवाइकांनी लांबच्या दर्ग्याचे नाव सुचवले. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरावर तापाचे दिवस लाल शाईने भरायला सुरुवात केली. पाच खेपांनंतर दिसले ते असे: दोन तापांमधले अंतर २८, ३०, २९, २७ दिवस. म्हणजे अम्मींचे निरीक्षण खरे होते. पुढे मात्र अंतर २६ वर आले, ताप चाँदाच्या आधीच येऊ लागला, आणि बिचारा चाँद निर्दोष सुटला.

पुण्याच्या ज्या बालरोगतज्ज्ञांकडे आम्ही ते कॅलेंडर घेऊन गेलो, त्यांनी आधी कॅलेंडर पाहिले आणि मग मूल. तापात एकदा आणि बरे असताना एकदा रक्त तपासले. लघवी तपासली, वजन-उंचीचा तक्ता काढला. मूल नीट वाढत होते. मलेरिया, क्षय, लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग असे एकेक वगळत गेल्यावर त्यांनी एक लांबलचक नाव सांगितले. त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला पीएफएपीए म्हणतात. ठराविक अंतराने येणारा ताप, तोंडातले फोड, घसा आणि मानेच्या गाठी अशी त्याची लक्षणे. बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो आणि मूल मोठे होता होता बहुतेकांचा आपोआप थांबतो. हा जंतूंचा आजार नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा कारणावाचून पेटते आणि विझते. त्यामुळे अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग होत नाही. ही लक्षणे एकत्र जुळवून १९८७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हा आजार प्रथम मांडला, तो अवघ्या १२ मुलांवरून. आमच्या अम्मींनी चाँद पाहून जे केले, तेच त्यांनी दप्तर पाहून केले. कारण सांगण्यात अम्मी चुकल्या असतील, पण पाहण्यात चुकल्या नाहीत.

इथे पहिली गोष्ट स्पष्ट होते. अमानत सांभाळणे याचा पहिला अर्थ आहे तिच्याकडे लक्ष देणे. आपल्याकडे आई-बापांच्या प्रेमाची थोरवी सांगताना त्यागाच्या कथा सांगितल्या जातात. बाबराची कथा उर्दू शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. १५३० मध्ये हुमायून तापाने अंथरुणाला खिळला, हकीम हरले, तेव्हा बाबराने त्याच्या पलंगाभोवती फेऱ्या घालून, याच्या बदल्यात माझा जीव घे, अशी दुआ मागितली. हुमायून उठला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बाबर गेला. गुलबदन बेगमने आपल्या 'हुमायूननामा'त ही हकीकत लिहून ठेवली आहे. कोणत्या बापाचे डोळे ती वाचून भरून येणार नाहीत? मुलाच्या उशाशी बसून आम्हीही हेच म्हटलेले आहे. पण महिन्याला येणारा ताप आई-बापांचा जीव मागत नाही. तो रात्री दोन वाजता उठून थर्मामीटर लावण्याची मागणी करतो, आकडा लिहून ठेवण्याची करतो, पाणी किती प्यायला ते ध्यानात ठेवण्याची करतो. एकदा जीव ओवाळून टाकण्यापेक्षा हे तेरा वेळा करणे कठीण आहे, आणि त्याच्या कथा कोणी लिहीत नाही.

मोजणे हे काम मोठ्या डॉक्टरांचेच असते असेही नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना बाळाचा श्वास मोजायला शिकवून न्यूमोनिया ओळखता येतो, हे दाखवून दिले. त्या कामाचा अहवाल १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त वेळा चालत असेल, तर ते धोक्याचे लक्षण आहे. हे मोजायला एक घड्याळ आणि एक मिनिट लागते. मूल पाणी पीत नाही, सुस्त पडले आहे, झटका आला, अंगावर न दबणारे लाल-जांभळे ठिपके उठले, किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतले आहे आणि तापले आहे, अशा वेळी रात्र असो की पाऊस, निघायलाच हवे. मग आधी टाकव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे की थेट कान्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, एवढाच प्रश्न उरतो. अशा वेळी घरी थांबणे ही तक्सीर आहे. तकदीरचे नाव घेतल्याने ती झाकली जात नाही.

तकदीरचा विषय निघालाच आहे, तर तो बाजूला सारणे बरे नव्हे. 'लिहिले असेल तसे होईल' हे वाक्य आमच्या घरात, आप्तांत आणि शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येते. हिजरी सन १८, म्हणजे इसवी ६३९ च्या सुमारास खलिफा हजरत उमर शामच्या वाटेवर सर्ग या ठिकाणी पोहोचले, तेव्हा पुढे प्लेग पसरल्याची बातमी आली. त्यांनी मागे फिरण्याचे ठरवले. हजरत अबू उबैदा यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळ काढता काय? हजरत उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. दाखला त्यांनी खोऱ्याचा दिला. एक उतार हिरवा आणि एक उजाड असेल, तर उंट कुठेही चारले तरी ते अल्लाहच्या तकदीरमध्येच बसते; मग शहाणा माणूस कोणता उतार निवडेल? आंदर मावळात गुरे राखणाऱ्या कोणालाही हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही. इलाज हा तकदीरच्या बाहेरचा रस्ता नाही, तिच्यातलाच हिरवा उतार आहे. दुआ आणि दमही मुलाच्या उशाशी असायला हरकत नाही. अम्मींच्या फुंकरीने आमचे मूल शांत झोपते हे आम्ही पाहिले आहे. मात्र तावीज थर्मामीटरची जागा घेऊ लागला, किंवा कोणी फुंकरीचे पैसे मोजून घेऊ लागला, की तिथे तवक्कुल संपतो.

तक्सीर सगळ्यांना समजते. तअद्दी सहज समजत नाही, कारण ती प्रेमाच्या वेषात येते.

मुलाला ताप आला की आई-बापांच्या अंगाची लाहीलाही होते. काहीतरी केलेच पाहिजे असे वाटते, आणि काहीतरी केले की जिवाला बरे वाटते. त्या बरे वाटण्यासाठी आपण डॉक्टर बदलतो, 'जरा पॉवरफुल द्या' म्हणतो, इंजेक्शन टोचले नाही तर फी वाया गेली असे समजतो, आणि मागच्या खेपेची उरलेली बाटली या खेपेला उघडतो. आता स्वतःला विचारून पाहावे की, हा इलाज नेमका कोणाच्या तापावर चालला आहे? शेजाऱ्याच्या घोड्यावर बसून आपण आपल्या कामाला निघालो आहोत काय? आपल्या अस्वस्थतेवर मुलाच्या शरीरातून औषध घेणे, ही आमच्या मते तअद्दीच आहे.

याचे परिणाम कल्पनेतले नाहीत. गरज नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते त्या दिवशी औषध हरते. सरकारने मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिकसाठी 'एच-वन' ही वेगळी यादी लागू केली, दुकानदाराने त्या विक्रीची नोंदवही ठेवावी असा नियम केला. नियम वहीत आहे आणि गोळी हातात आहे, अशी स्थिती अनेक ठिकाणी आजही आढळते. निमेसुलाइड हे तापाचे औषध एके काळी घरोघरी मुलांना पाजले जात असे. यकृताला धोका असल्यामुळे १२ वर्षांखालील मुलांसाठी त्यावर २०११ मध्ये आपल्या देशात बंदी आली. पॅरासिटामॉल त्यामानाने सुरक्षित, पण त्याचेही सिरप ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्राम आणि २५० मिलिग्राम अशा दोन ताकदींत मिळते. दोन्हींचा चमचा सारखाच, चवही गोड. दादीने एका बाटलीतून द्यावे आणि आईने दुसरीतून, असे घडले की मात्रा दुप्पट होते. मात्रा वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्राम, आणि दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर. वर्गात त्रैराशिक शिकवताना आम्ही आंब्यांच्या पेट्यांचे उदाहरण देत असू. आता सिरपचे देतो.

तरीही एक प्रसंग असा आहे की, जिथे आई-बापांनी यातली कोणतीच मर्यादा ओलांडली नव्हती. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात सर्दी-ताप-खोकल्याची लहान मुले सिरप घेतल्यावर मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य सापडले. त्या आई-बापांनी काय केले होते? मूल आजारी पडले, डॉक्टरकडे नेले, लिहून दिलेले औषध विकत घेतले, सांगितल्याप्रमाणे पाजले. अमानतदाराच्या नियमाने ते निर्दोष आहेत. हयगय आणि मर्यादाभंग झाला तो औषध बनवण्याच्या आणि तपासण्याच्या साखळीत. त्या घरांतल्या आया स्वतःच्या हाताने चमचा पाजल्याची आठवण घेऊन जगत असतील. त्यांना सांगण्यासारखे आपल्यापाशी काही असेल, तर ते हेच आहे.

आता थोडे अवघड प्रकरण. १९०२ मध्ये गांधीजी मुंबईत गिरगावात राहत असताना त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. सोबत न्यूमोनियाची लक्षणे आणि रात्री वात. मुलगा दहा वर्षांच्या आतबाहेरचा. पारशी डॉक्टरांनी सांगितले की, औषधांचा फार उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचे सूप द्यावे. गांधीजी शाकाहारी. त्यांनी नकार दिला आणि पाण्याचे उपचार, ओल्या चादरीत लपेटणे, पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवले. 'सत्याचे प्रयोग' या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रसंग लपवाछपवी न करता सांगितला आहे. ताप १०४ पर्यंत चढला तेव्हा त्यांचा धीर सुटू लागला. आपल्या मतांचा प्रयोग मुलावर करण्याचा आपल्याला काय हक्क, हा प्रश्न त्यांना छळू लागला. मुलगा घामाने भिजला, ताप उतरला, आणि पुढे चाळीस दिवस शुश्रूषा चालली.

या प्रसंगावर टाळ्या वाजवणे किंवा बोटे मोडणे सोपे आहे. अमानतीच्या नियमाने पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. गांधीजींनी मुलाला डॉक्टरांचे म्हणणे सांगितले आणि त्याचे मत विचारले. मुलाने अंडी-सूप नको म्हटले. डॉक्टरांचे पथ्य नाकारले तरी नाडी आणि छाती तपासायला त्यांनी येत राहावे, अशी विनंती केली; म्हणजे तपासणीचे दार बंद केले नाही. आणि मूल बरे झाल्यावर ते पाण्याच्या उपचाराने झाले, ईश्वरकृपेने की पथ्य-शुश्रूषेने, हे कोणी सांगावे, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. बरे झाले यावरून माझेच खरे, असा दावा केला नाही. पण आणखी एक गोष्ट आहे. १९०२ मध्ये विषमज्वरावर औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल त्यावर चालते हे १९४८ मध्ये दिसले. आज तोच बाप तेच करील, तर ती उघड तक्सीर ठरेल. कृती तीच राहते आणि माणसाचे ज्ञान बदलले की तिचा नैतिक अर्थ बदलतो. म्हणून 'आमच्या आजीने असेच केले आणि आम्ही जगलो' हा युक्तिवाद चालत नाही; आजीला जेवढे ठाऊक होते तेवढ्याला ती जबाबदार होती, आपल्याला जेवढे ठाऊक होऊ शकते तेवढ्याला आपण आहोत.

आमच्यापुढचा प्रश्न मणिलालच्या बापाइतका भयंकर नाही, पण जातीचा तोच आहे. डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले. ताप येऊ द्यावा, पॅरासिटामॉल आणि पाणी यांवर चार दिवस काढावेत. किंवा ताप सुरू होताच स्टेरॉइडची एक मात्रा द्यावी. बहुतेक मुलांचा ताप काही तासांतच उतरतो, पण काहींच्या बाबतीत पुढचा ताप लवकर येऊ लागतो. किंवा टॉन्सिल काढावेत. पुष्कळांचे तापाचे चक्र त्याने थांबते, पण ती शस्त्रक्रिया आहे. ताप घातक नाही, त्यामुळे जीव वाचवण्याचा मुद्दा नाही. मुद्दा आहे चार दिवसांच्या त्रासाचा. आणि तो त्रास कोणाचा?

ईद तोंडावर आली आणि कॅलेंडर सांगू लागले की, ताप नेमका त्याच दिवशी येणार. नवे कपडे शिवलेले, पाहुणे येणार, शीरखुर्म्याची तयारी. घरात बोलणे झाले की, गोळी देऊन मोकळे व्हावे. आम्हा दोघांचे एकमत होईना. एकाचे म्हणणे, मुलाने ईदच्या दिवशी अंथरुणात का पडावे, त्याचाही आनंद आहे. दुसऱ्याचे म्हणणे, आनंद त्याचा आहे की पाहुण्यांसमोर आपली शोभा? आणि आज ईदसाठी दिली तर उद्या परीक्षेच्या ड्यूटीसाठी द्यावीशी वाटेल, परवा लग्नासाठी. शेवटी आम्ही घरापुरता एक नियम केला आणि डॉक्टरांना विचारून पक्का केला. गोळीचे कारण मुलाच्या शरीरात सापडले पाहिजे, आपल्या वेळापत्रकात नव्हे. घसा इतका दुखत असेल की पाणी गिळवत नाही, तर डॉक्टरांनी आखून दिलेल्या मात्रेत द्यायची. एरवी चार दिवस त्याच्याजवळ बसायचे. मुलगा आता सहावे ओलांडून सातव्यात आहे, त्यालाही विचारायचे. शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही पुढे ठेवला आहे. त्या ईदला ताप दोन दिवस उशिरा आला, हा निव्वळ योगायोग. पण आमचा नियम त्या योगायोगावर उभा नव्हता.

इथवर वाचून कोणी म्हणेल की, हे सब्रचे शहाणपण पगारदारांचे आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई टाकव्याजवळच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाते. मुलीला ताप आला की ती म्हणते, "सर, कल खाडा हुआ तो पैसे कटते. इंजेक्शन मारा तो सुबह तक उतरता." तिला तअद्दीचा धडा देण्याचा आम्हाला काय अधिकार? आम्हाला किरकोळ रजा आहे. राज्याने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तिचा लाभ शिक्षिकांनाही झाला. चार दिवस मुलाच्या उशाशी बसणे आम्हाला परवडते. तिला एक दिवसही परवडत नाही. डोंगरातल्या ठाकर आणि कातकरी वस्त्यांवर तर त्याहून कठीण आहे. तिथे डॉक्टरकडे जाण्याचाच दिवस बुडतो. सब्र हा सद्गुण आहे, पण तो विकत घ्यावा लागतो आणि प्रत्येकाच्या खिशात तेवढे पैसे नसतात. ज्याच्याकडे निवडायला दुसरा उतारच नाही, त्याला हिरवा उतार का निवडला नाहीस, असे विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे.

म्हणून मूल ही अमानत आहे असे म्हणताना, ती कोणाकोणाकडे ठेवलेली आहे, हेही विचारले पाहिजे. फक्त आई-बापांकडे? मग वस्तीवर रात्री वाहन न मिळणे ही कोणाची तक्सीर? आरोग्य केंद्रात औषध असणे, कारखान्यात आजारी मुलाच्या आईला खाड्याविना एक दिवस मिळणे, बाटलीत जे लिहिले आहे तेच असणे, हे सगळे अमानतदार आहेत. शाळाही आहे. हजेरीपत्रकात एखाद्या मुलाची गैरहजेरी दर महिन्याला ठराविक अंतराने दिसली, तर ती नोंद शिक्षकाशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसते. आम्ही आता ती पाहतो आणि पालकांना सांगतो.

शेवटी एक गोष्ट, जी घरोघरी घडते आणि तिच्याविषयी बोलले जात नाही. मूल वारंवार आजारी पडले की बोट आईकडे वळते. दूध नीट पाजले नसेल, थंड खाऊ घातले असेल, नोकरीपायी दुर्लक्ष झाले असेल, गरोदरपणात ग्रहण पाळले नसेल. आमच्या घरातही ही कुजबुज झाली. बाप मात्र बिचारा, दवाखान्याचे पैसे भरणारा. अमानतीचा नियम इथे आईच्या बाजूने साक्ष देतो. तिने हयगय केली काय? रात्र-रात्र जागली आहे. मर्यादा ओलांडली काय? मात्रा मोजून दिली आहे. मग आजारासाठी तिच्याकडे जाब मागण्याचा कोणालाही हक्क नाही. सासूला नाही, शेजाऱ्याला नाही आणि तिच्या स्वतःच्या मनालाही नाही. आपल्या हाती तदबीर आहे, शिफा नाही. हा नियम आपल्याला किती करायचे हे सांगतो, तसाच कुठे थांबून शांत झोपायचे हेही सांगतो. वारंवार तापणाऱ्या मुलाच्या आईला औषधाच्या चिठ्ठीसोबत कोणीतरी एवढे सांगायला हवे.